विषाणुरोधकासाठी निकटच्या सर्व्हरचा शोध

१. प्रश्नाचे स्वरूप

विषाणुरोधक आज्ञावली ही स्वभावतःच परावलंबी आहे. फाईलींचे परीक्षण करण्याचे तिचे कौशल्य कितीही मोठे असले, तरी कोणती फाईल घातक समजावी ह्याचे ज्ञान तिला बाहेरून पुरवावे लागते. हे ज्ञान ज्या फाईलींत साठविलेले असते त्यांना ह्या लेखात आपण ‘लक्षणसूची’ असे म्हणू. अलीकडच्या आज्ञावली लक्षणांबरोबर वर्तनाचेही परीक्षण करतात आणि प्रसंगी दूरच्या सर्व्हरचा सल्ला घेतात, हे खरे आहे. तथापि लक्षणसूचीची आवश्यकता त्यामुळे संपलेली नाही. नवे घातक नमुने रोज निर्माण होत असल्यामुळे ही सूचीही रोज, कित्येकदा दिवसातून अनेक वेळा, नवी करून घ्यावी लागते.

एकाकी संगणकाच्या बाबतीत हा व्यवहार सरळ आहे. उत्पादकाच्या सर्व्हरचे नाव आज्ञावलीत आधीच लिहिलेले असते आणि संगणक तेथे जाऊन सूची घेऊन येतो. परंतु एखाद्या महाविद्यालयात वा कचेरीत पाचशे संगणक असतील तर काय होते, ते पाहू. प्रत्येकास चाळीस मेगाबाइटांची सूची हवी आहे असे मानल्यास एकंदर वीस हजार मेगाबाइट आणावे लागतील. बाहेरची वाहिनी सेकंदाला शंभर मेगाबिट वाहून नेणारी असेल, तर सर्व काम थांबवून केवळ ह्या आणणावळीस सुमारे सत्तावीस मिनिटे लागतील. उलटपक्षी तीच सूची एकदाच आणून संस्थेतील एका सर्व्हरवर ठेवली, तर बाहेरच्या वाहिनीवर सव्वातीन सेकंदांचाही भार पडत नाही. पुढचे वाटप संस्थेच्या अंतर्गत जाळ्यात, त्याहून पुष्कळच वेगाने होते. स्थानिक सर्व्हरची कल्पना ह्या साध्या हिशेबातून जन्मास आली.

येथे एक नवा प्रश्न उपस्थित होतो, आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय होय. स्थानिक सर्व्हर आहे, पण तो कोठे आहे हे पाचशे संगणकांस कळावे कसे? नुकताच जोडलेला संगणक जाळ्याच्या रचनेविषयी पूर्णतः अनभिज्ञ असतो. त्याला ज्याचा शोध घ्यावयाचा आहे त्याचे नाव ठाऊक नसते, पत्ता ठाऊक नसतो, आणि कोणाला विचारावे हेही ठाऊक नसते. ह्याहून गंभीर गोष्ट अशी की, मिळालेले उत्तर खरे की खोटे हे पारखण्याचे साधनही आरंभी त्याच्यापाशी नसते. संरक्षणाची सामग्री आणावयास निघालेला संगणक वाट विचारतो ती अशा लोकांस, ज्यांच्यापैकी कोण विश्वासार्ह हे त्याला माहीत नाही. ह्या अडचणीतून काढलेल्या निरनिराळ्या मार्गांचा आणि त्यांतील धोक्यांचा विचार पुढे क्रमाने केला आहे.

२. आधी सांगून ठेवण्याचा मार्ग

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शोधाची गरजच नाहीशी करणे. जाळ्याचा व्यवस्थापक प्रत्येक संगणकात स्थानिक सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवतो. मायक्रोसॉफ्टने २००५ साली प्रसिद्ध केलेली विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस ही व्यवस्था ह्याच तत्त्वावर चालते. ग्रूप पॉलिसीच्या द्वारे सर्व संगणकांस एक पत्ता कळविला जातो. नव्या आवृत्त्यांत त्याचे पोर्ट सामान्यतः ८५३० असते, आणि सांकेतिक संरक्षण असल्यास ८५३१. विंडोजमधील डिफेंडर ह्या विषाणुरोधकाची लक्षणसूचीही ह्या मार्गाने वाटता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ह्या व्यवस्थेत यापुढे नवी भर घालणार नसल्याचे जाहीर केले. तथापि अस्तित्वात असलेली व्यवस्था चालूच आहे आणि पुष्कळ संस्था तिच्यावर अवलंबून आहेत.

मूळच्या मॅकॅफीच्या ई-पॉलिसी ऑर्केस्ट्रेटर ह्या व्यवस्थेत हाच विचार थोडा पुढे नेलेला आढळतो. तेथे एका पत्त्याऐवजी अनेक भांडारांची यादी संगणकास दिली जाते आणि तिच्यातून निवड करण्याच्या तीन रीती सांगितल्या जातात: प्रत्येक भांडाराकडून उत्तर येण्यास लागणारा वेळ मोजणे, उपजाळ्यांतील अंतर पाहणे, किंवा व्यवस्थापकाने ठरविलेला क्रम जसाच्या तसा पाळणे. सिमँटेकच्या व्यवस्थेत एखाद्या सामान्य संगणकालाच वाटपाचे काम देऊन त्याला ‘ग्रूप अपडेट प्रोव्हायडर’ म्हटले जाते, आणि असे अनेक वाटपी नेमले असता प्रत्येक संगणक आपल्याच उपजाळ्यातील वाटप्याकडे जातो.

ह्या मार्गाचा गुण म्हणजे त्यात संदिग्धता नाही. दोष असा की, जे लिहून ठेवले ते बदलत्या परिस्थितीत चुकीचे ठरते. सर्व्हर हलविला, त्याचे नाव बदलले, अथवा संगणकच दुसऱ्या शाखेत नेला, तर जुना पत्ता निरुपयोगी होतो. शिवाय पहिला पत्ता लिहिण्यासाठी तरी संगणक व्यवस्थापकाच्या हाताखालून जावाच लागतो. ज्या संस्थेत विद्यार्थी स्वतःचे लॅपटॉप घेऊन येतात तेथे हे घडत नाही.

३. नामव्यवस्थेस विचारण्याचा मार्ग

दुसरा मार्ग असा की, संगणकात पत्ता न लिहिता केवळ एक नाव लिहावे, आणि त्या नावाचा आजचा पत्ता कोणता हे जाळ्याच्या नामव्यवस्थेस विचारावे. ही नामव्यवस्था, म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस ह्यांनी १९८३ साली मांडली. तत्पूर्वी अर्पानेटवरील सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच फाईलीत असत. ही फाईल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील माहितीकेंद्र सांभाळी आणि इतर सर्व जण तिची प्रत तेथून उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढताच एकाच ठिकाणाहून सर्वांनी प्रत नेण्याची पद्धत टिकेनाशी झाली. वाचकांच्या लक्षात येईल की, लक्षणसूचीच्या वाटपात आज जी अडचण आहे तीच अडचण त्या काळी नावांच्या यादीत होती. मोकापेट्रिस ह्यांनी सुचविलेला उपायही त्याच जातीचा, म्हणजे अधिकाराची विभागणी आणि उत्तरांचा स्थानिक साठा हा होता.

नामव्यवस्थेचा एक उपयोग आपल्या विषयास विशेष लागू पडतो. एकाच नावाचे उत्तर संस्थेच्या आत एक आणि बाहेर दुसरे देता येते. आतल्या संगणकाने उत्पादकाच्या सर्व्हरचे नाव विचारले असता संस्थेचा नामसर्व्हर त्याला स्थानिक सर्व्हरचा पत्ता देतो; तोच संगणक घरी नेला की त्याच नावाचा बाहेरचा पत्ता मिळतो. संगणकाला ह्या फरकाची जाणीवही होत नाही. अर्थात जे कौशल्य येथे व्यवस्थापकाच्या उपयोगी पडते, तेच हल्लेखोराच्याही हाती पडू शकते, ह्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

साध्या नावनोंदीत पोर्ट सांगता येत नाही आणि पर्यायांचा क्रमही सांगता येत नाही. ही उणीव सेवानोंदीने, म्हणजे एसआरव्ही नावाच्या नोंदीने भरून काढली. तिचे प्रमाणित स्वरूप फेब्रुवारी २००० मध्ये प्रसिद्ध झाले. ह्या नोंदीत चार गोष्टी असतात: अग्रक्रम, भार, पोर्ट आणि सर्व्हरचे नाव. अग्रक्रमाचा आकडा जितका लहान तितका तो सर्व्हर आधी आजमावावयाचा. अग्रक्रम समान असल्यास भाराच्या प्रमाणात निवड करावयाची. उदाहरणार्थ, एका संस्थेने तीन नोंदी केल्या: पहिल्या दोहोंचा अग्रक्रम १० आणि भार अनुक्रमे ६० व ४०, तिसरीचा अग्रक्रम २०. पाचशे संगणकांपैकी सुमारे तीनशे पहिल्या सर्व्हरकडे व दोनशे दुसऱ्याकडे जातील. तिसऱ्याकडे मात्र पहिले दोन्ही निरुत्तर झाल्याखेरीज कोणी जाणार नाही. भारवाटप आणि संकटकालीन व्यवस्था ह्या दोन्ही गोष्टी अशा रीतीने तीन ओळींत साधतात.

पण नामसर्व्हरचा पत्ता तरी संगणकास कोण सांगतो? ते काम डीएचसीपी ह्या व्यवस्थेचे आहे. तिचे पहिले प्रमाणपत्रक १९९३ साली निघाले. जाळ्यात येताच संगणक सर्वांस उद्देशून पुकारा करतो. डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देऊ करतो. संगणक ती देणगी मागतो. सर्व्हर मान्यता देतो. ह्या चार पायऱ्यांत पत्त्याबरोबर इतरही माहिती क्रमांकित पर्यायांच्या रूपाने देता येते. सहाव्या पर्यायात नामसर्व्हरांचे पत्ते असतात, पंधराव्यात संस्थेचे क्षेत्रनाम. मायक्रोसॉफ्टच्या स्थानिक साठ्याचा, म्हणजे कनेक्टेड कॅशचा, पत्ता देण्यासाठी २३५ व्या पर्यायाचा उपयोग करता येतो. अशा प्रकारे अज्ञात संगणकालाही प्रथम पुकारा, मग नामसर्व्हर, मग सेवानोंद आणि शेवटी स्थानिक सर्व्हर ह्या क्रमाने इच्छित स्थळी पोहोचता येते.

४. पुकाऱ्याचा मार्ग

तिसरा मार्ग म्हणजे कोणत्याही मध्यस्थाखेरीज शेजाऱ्यांनाच विचारणे. संगणक आपल्या उपजाळ्यात पुकारा करतो की, ‘अमुक सेवा देणारा येथे कोणी आहे काय?’, आणि ज्याच्यापाशी ती सेवा असेल तो उत्तर देतो. जुन्या नेटबायॉस नामसेवेत १३७ क्रमांकाच्या पोर्टवर असे पुकारे होत असत. १९८७ साली ह्या पद्धतीची प्रमाणपत्रके निघाली. मल्टिकास्ट डीएनएस ह्या नव्या पद्धतीत पुकारा २२४.०.०.२५१ ह्या सामायिक पत्त्यावर ५३५३ पोर्टवर होतो; तिचे व तिच्यावर आधारलेल्या सेवाशोधाचे प्रमाणीकरण फेब्रुवारी २०१३ मध्ये झाले. घरातील छापयंत्र शोधण्यास ही पद्धत उत्कृष्ट आहे.

तथापि मोठ्या संस्थेत तिला दोन मर्यादा पडतात. पुकारा सामान्यतः राउटरपलीकडे जात नाही, म्हणून प्रत्येक उपजाळ्यात एक तरी वाटपी असावा लागतो. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. पुकाऱ्याला कोणीही उत्तर देऊ शकतो. नामव्यवस्थेत निदान उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा हे ठरलेले असते. येथे उत्तर देण्यास आवाज असला म्हणजे पुरे.

५. ‘निकट’ म्हणजे काय?

सर्व्हर अनेक सापडले, तर त्यांतील जवळचा कोणता? जाळ्यातील अंतर भूगोलातील अंतराहून भिन्न असते. एकाच आवारातील दोन इमारती वेगवेगळ्या सेवादात्यांच्या वाहिन्यांवर असतील, तर त्यांच्यातील निरोप परगावाला वळसा घालून येऊ शकतो. म्हणून पत्त्यावरून अंतर ताडण्यापेक्षा उत्तरास लागणारा वेळ मोजणे अधिक विश्वसनीय. पण प्रत्येक संगणकाने प्रत्येक सर्व्हरची अशी चाचणी घेऊ लागणे हाही एक भारच होय.

विंडोज २००० बरोबर आलेल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ह्या प्रश्नाचे मार्मिक उत्तर आढळते. तेथे व्यवस्थापक उपजाळ्यांची स्थळवार कोष्टके करून ठेवतो. नवागत संगणक सर्वसाधारण सेवानोंद विचारून कोणत्याही एका सर्व्हरला गाठतो. तो सर्व्हर विचारणाऱ्याचा पत्ता कोष्टकात पाहून ‘तू अमुक स्थळी आहेस’ असे कळवितो. त्यानंतर संगणक त्या स्थळाच्या नावाने पुन्हा सेवानोंद विचारतो आणि जवळच्या सर्व्हरकडे जातो. आपण कोठे आहोत हे प्रवाशाला स्वतः कळत नाही, पण भेटलेला कोणीही स्थानिक माणूस ते सांगू शकतो, ह्या व्यवहारातील अनुभवाचाच येथे उपयोग केला आहे. मात्र नवे उपजाळे उघडून त्याची कोष्टकात नोंद करावयाचे राहिले, तर तेथील संगणक दूरच्या शाखेतूनही सूची आणू लागतात, आणि वाहिनी मंदावल्याखेरीज कोणाच्या ते लक्षात येत नाही.

६. एक उदाहरण: क्लॅमएव्ही

आतापर्यंत सांगितलेल्या तत्त्वांचा मेळ प्रत्यक्षात कसा बसतो हे क्लॅमएव्ही ह्या मुक्त विषाणुरोधकावरून चांगले दिसते. त्याचा आरंभ टॉमाझ कोइम ह्यांनी केला. २००७ साली तो सोर्सफायर कंपनीकडे व २०१३ साली तिच्यासह सिस्कोकडे गेला. त्याच्या मुख्य लक्षणसूचीची फाईल बरीच मोठी आहे. तिच्या जोडीला रोज बदलणारी दुसरी सूची असते. ह्या सूची आणण्याचे काम फ्रेशक्लॅम नावाची आज्ञावली करते, आणि मूळ मांडणीप्रमाणे ती दिवसातून बारा वेळा चौकशी करते.

प्रत्येक चौकशीस फाईल उघडून पाहावी लागली असती, तर सर्व्हरांवर असह्य भार पडला असता. म्हणून सूचीची चालू आवृत्ती कोणती, एवढी माहिती नामव्यवस्थेतील एका मजकूरनोंदीत ठेवलेली आहे. ह्या छोट्या नोंदीत आज्ञावलीची आवृत्ती, निरनिराळ्या सूचींचे क्रमांक आणि नोंद केव्हा केली त्या वेळेचा आकडा हे सर्व विसर्गासारख्या चिन्हाने विभागून लिहिलेले असते. नामव्यवस्थेची उत्तरे वाटेवरच्या नामसर्व्हरांत साठत असल्यामुळे कोट्यवधी चौकश्यांपैकी फार थोड्याच मूळ सर्व्हरपर्यंत जातात. आपली आवृत्ती जुनी आहे असे दिसले तरच संगणक पुढे जातो, आणि शक्य असेल तेव्हा पूर्ण सूचीऐवजी दोन आवृत्त्यांतील फरकाची लहान फाईल तेवढी आणतो. नोंदीतील वेळ तीन तासांहून जुनी आढळल्यास फ्रेशक्लॅम तिच्यावर विश्वास न ठेवता प्रत्यक्ष सर्व्हरला विचारते. ही तरतूद लहान असली तरी तिच्यामागील विचार मोठा आहे. त्याकडे पुन्हा वळू.

काही वर्षांपूर्वीपर्यंत ह्या सूचींचे वाटप स्वयंसेवी संस्थांनी चालविलेल्या अनेक मिररांकडून होत असे, आणि देशाच्या संकेताक्षरांवरून जवळचा मिरर सांगणारी नावे नामव्यवस्थेत ठेवलेली होती. पुढे हे काम क्लाउडफ्लेअर ह्या व्यापारी वितरणजाळ्याकडे सोपविण्यात आले. तेथे एकच पत्ता जगातील अनेक ठिकाणांहून जाहीर केला जातो आणि निरोप कोणत्या ठिकाणी जाईल हे राउटरच ठरवितात. ह्या पद्धतीस एनिकास्ट म्हणतात. २०२१ साली क्लॅमएव्हीच्या चालकांस अतिरेकी उताऱ्यांवर बंधने घालावी लागली, कारण कित्येक ठिकाणचे संगणक तीच पूर्ण सूची पुनःपुन्हा उतरवून घेत होते. अनेक संगणक असलेल्या संस्थांनी स्वतःचा खाजगी मिरर ठेवावा असे त्यांनी सुचविले आणि त्यासाठी एक स्वतंत्र साधनही उपलब्ध करून दिले. थोडक्यात, स्थानिक सर्व्हर ठेवणे हे आता सार्वजनिक सेवेच्या न्याय्य उपयोगासाठीही आवश्यक झाले आहे.

वेळेचीही विभागणी करावी लागते. सर्वांनी ठीक तासाच्या ठोक्याला चौकशी केली, तर जवळचा सर्व्हरही कोलमडेल. क्लॅमएव्हीच्या मार्गदर्शिकेत चौकशीचे मिनिट दहाच्या पटीत ठेवू नये असा सल्ला आहे. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत नेहमीच्या बावीस तासांतून शून्य ते वीस टक्के काळ यदृच्छेने वजा केला जातो, म्हणजे प्रत्येक संगणक साडेसतरा ते बावीस तासांच्या दरम्यान केव्हातरी विचारतो.

७. चुकीच्या उत्तराचे परिणाम

शोधाचा मार्ग हा हल्ल्याचाही मार्ग असतो, हे गेल्या काही वर्षांच्या इतिहासावरून सिद्ध झाले आहे. २००८ च्या अखेरीस पसरलेल्या कॉन्फिकर ह्या कीटकाने विषाणुरोधकाशी झुंजण्याचे सोडून संगणकाची नाव विचारण्याची वाटच अडविली. सुरक्षासंस्थांच्या नावांशी जुळणारे नाव विचारले की उत्तर मिळेनासे होई. विषाणुरोधक जागच्या जागी होता, पण त्याचे अन्नपाणी तुटले होते. डीएनएसचेंजर ही घातक आज्ञावली पसरविणाऱ्या टोळीने संगणकांतील नामसर्व्हरांचे पत्तेच बदलून आपले पत्ते घातले. सुमारे चाळीस लाख संगणक तिच्या कह्यात गेले होते, आणि त्यांच्यावरील विषाणुरोधकांस नवी सामग्री मिळण्यासही अटकाव झाला. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी उघडकीस आणली. पण तिचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर त्या सर्व संगणकांचा जाळ्याशी संबंध तुटला असता. म्हणून त्या जागी बसविलेले शुद्ध सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले.

मे २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या फ्लेमचे उदाहरण ह्याहून बोधप्रद आहे. जाळ्यातील प्रॉक्सी आपोआप शोधण्यासाठी विंडोज संगणक ‘डब्ल्यूपीएडी’ हे नाव विचारीत असत, आणि नामव्यवस्थेत ते न मिळाल्यास शेजाऱ्यांना पुकारून पाहत. फ्लेमने ग्रासलेला संगणक ह्या पुकाऱ्यास ‘मीच तो’ असे उत्तर देई. एकदा शेजाऱ्याचा सर्व व्यवहार आपल्यामार्फत जाऊ लागला, की विंडोज अपडेटच्या मागणीस तो बनावट सामग्री पुरवी. ही सामग्री स्वाक्षरीच्या परीक्षेतही उतरे. कारण एमडी५ ह्या दुर्बल झालेल्या गणिती पद्धतीतील दोषाचा लाभ घेऊन मायक्रोसॉफ्टच्या परंपरेतील वाटावे असे बनावट प्रमाणपत्र तयार केलेले होते. मायक्रोसॉफ्टने ३ जून २०१२ रोजी संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. शोधाची दुर्बलता आणि स्वाक्षरीची दुर्बलता ह्यांचा संयोग झाला असता काय घडते, ह्याचा हा आदर्श नमुना होय.

ह्या विषयाचा महाराष्ट्राशीही संबंध आला आहे. एप्रिल २०२४ मध्ये अवास्टच्या संशोधकांनी ‘गुप्तीमायनर’ ह्या नावाने एका मोहिमेचे वर्णन प्रसिद्ध केले. मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीच्या ई-स्कॅन विषाणुरोधकाची नवी सामग्री वाटेतच अडवून तिच्या जागी घातक सामग्री पाठविण्यात येत होती. ही सामग्री सांकेतिक संरक्षणाविना, साध्या एचटीटीपीने येत असल्याने वाटेतील बदल ओळखता आला नाही. संशोधकांनी कंपनीस व भारताच्या सर्ट-इन ह्या संस्थेस आधीच कळविले होते, आणि ३१ जुलै २०२३ रोजी दोष दूर केल्याचे कंपनीने त्यांना कळविले.

आणखी एक धोका लॅपटॉपच्या प्रवासातून उद्भवतो. ‘कॉर्प’सारख्या खाजगी क्षेत्रनामाखालील सर्व्हरचे नाव संस्थेच्या आत बरोबर उलगडते, पण तोच लॅपटॉप बाहेर गेला की ती चौकशी सार्वजनिक नामव्यवस्थेकडे जाते. सार्वजनिक व्यवस्थेत तसेच नाव कोणी मिळविले, तर उत्तरही तोच देईल. २०१६ साली अमेरिकेच्या यूएस-सर्टने डब्ल्यूपीएडीच्या संदर्भात ह्याचा इशारा दिला. पुढे २०१८ साली आयकॅनने कॉर्प, होम आणि मेल ही नावे कोणासही न देण्याचे ठरविले, आणि जुलै २०२४ मध्ये ‘इंटर्नल’ हे क्षेत्रनाम खाजगी उपयोगासाठी कायमचे राखून ठेवले.

८. सत्यता आणि ताजेपणा

ह्यावरून निष्पन्न होणारा पहिला सिद्धांत असा: सर्व्हर कोठे सापडला ह्यावर सामग्रीची सत्यता अवलंबून ठेवता कामा नये. शोध चुकला तरी चालेल, पण चुकीच्या ठिकाणाहून आलेली सामग्री स्वीकारली जाता कामा नये. सूचीवर उत्पादकाची डिजिटल स्वाक्षरी असली आणि ती पारखण्याची किल्ली आज्ञावलीत आधीपासून असली, तर मिरर कोणाचाही असला तरी तो सूचीत फेरफार करू शकत नाही. असे झाले म्हणजे स्थानिक सर्व्हर हा केवळ हमाल ठरतो. पाकिटावरील लाख शाबूत आहे ना, एवढेच घेणाऱ्याने पाहावयाचे असते.

परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. २००८ साली जस्टिन कॅपोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्सच्या आज्ञावली-वितरणांचा अभ्यास केला. एका काल्पनिक कंपनीच्या नावाने त्यांनी मिरर उभारले, आणि ते अनेक वितरणांच्या अधिकृत यादीत दाखलही झाले. असा मिरर खोटी सामग्री देऊ शकत नाही, हे खरे. पण तो जुनी सामग्री देऊ शकतो, आणि जुन्या सामग्रीवरची स्वाक्षरीही खरीच असते. काल खरी असलेली वस्तू आज देऊन ग्राहकाला कालच्याच दिवसात अडकवून ठेवणे, ह्या प्रकारास गोठवणुकीचा हल्ला म्हणतात. विषाणुरोधकाच्या बाबतीत तो विशेष घातक होय. कारण जुनी लक्षणसूची दिसावयास निर्दोष असते, कोणतीही तक्रार करीत नाही, आणि नव्या विषाणूस मात्र बिनबोभाट आत येऊ देते.

म्हणून सत्यतेबरोबर ताजेपणाचीही साक्ष लागते, आणि ती साक्ष वाटप करणाऱ्याहून स्वतंत्र असावी लागते. कॅपोस ह्यांच्या पुढील कार्यातून सिद्ध झालेल्या ‘द अपडेट फ्रेमवर्क’ ह्या आराखड्यात ह्यासाठी अल्पायुषी अशी कालनोंद असते. तिची मुदत लवकर संपते आणि नवी नोंद न मिळाल्यास ग्राहकाला काहीतरी बिघडल्याचे कळते. क्लॅमएव्हीच्या मजकूरनोंदीतील वेळेचा आकडा आणि तीन तासांची मर्यादा ह्यांच्यामागे हाच विचार आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. फ्रेशक्लॅमला खाजगी मिरर नेमून दिला, की ती नामव्यवस्थेतील आवृत्तीनोंद पाहण्याचे सोडून देते आणि मिररवरील फाईलीच्या तारखेवर वा शीर्षकावरच विसंबते. ह्यात तर्कदृष्ट्या चूक नाही. खाजगी मिररवर अजून न आलेली आवृत्ती मागून उपयोग काय? परंतु परिणाम असा होतो की, वाटपी आणि साक्षीदार एकच होतो. मिररचे बाहेरून सूची आणण्याचे काम काही कारणाने बंद पडले, तर पाचशेही संगणक दर दोन तासांनी त्याला विचारतील आणि ‘नवे काही नाही’ हे उत्तर समाधानाने स्वीकारतील. सात दिवसांनी सूची जुनी झाल्याचा इशारा आज्ञावली देते खरी, पण तो कोणी वाचला तर. ज्या बचतीसाठी स्थानिक सर्व्हर ठेवला, तिची किंमत म्हणून एकाच जागी साचलेला हा धोका संस्थेने पत्करलेला असतो. त्यावरचा उपाय महागडा नाही: मिररचा आवृत्तिक्रमांक बाहेरच्या नोंदीशी ताडून पाहण्याचे काम दुसऱ्या, स्वतंत्र संगणकाकडे द्यावे. तो संगणक नवी सूची आणीत नाही. केवळ दोन आकडे ताडून पाहतो.

ताजेपणाचे उलट टोकही ध्यानात ठेवावे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या नव्या सूचीने विंडोज एक्सपीतील एक अत्यावश्यक फाईल घातक ठरविली आणि असंख्य संगणक बंद पडले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष सामग्रीने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज संगणक ठप्प केले. स्थानिक सर्व्हर असल्यास नवी सूची प्रथम थोड्या संगणकांवर आजमावून मग सर्वत्र सोडता येते. हा विलंब शहाणपणाचा असला, तरी तो मोजका व जाणूनबुजून केलेला असावा. बिघाडामुळे झालेला विलंब आणि विचारपूर्वक केलेला विलंब ग्राहक-संगणकास सारखेच दिसतात. त्यांतील भेद जाणण्याची जबाबदारी व्यवस्थापकावर असते.

९. समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. लिहून ठेवलेला पत्ता स्थिर पण ताठर असतो. नामव्यवस्था लवचीक असते, पण तिच्या प्रामाण्याची काळजी घ्यावी लागते. पुकारा सर्वांत सोपा आणि सर्वांत भोळा. व्यवहारात ह्या मार्गांचा क्रम लावावा लागतो: प्रथम स्थानिक सर्व्हर, तो न मिळाल्यास शाखेचा, तोही न मिळाल्यास थेट उत्पादकाचा. डिफेंडरसारख्या आज्ञावलींत असा क्रम व्यवस्थापकाला ठरविता येतो. क्रमातील शेवटची पायरी कधीही गाळू नये. अन्यथा प्रवासात असलेला लॅपटॉप नेमका सर्वांत धोक्याच्या काळात उपाशी राहतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ह्या विषयात अभ्यासास पुष्कळ वाव आहे. एखाद्या जाळ्यातील प्रत्येक संगणकाच्या लक्षणसूचीचे वय दर तासाला मोजून त्याचा आलेख काढला, तर शोधव्यवस्थेचे खरे गुणदोष दिसून येतील. सरासरी वय पाहून मात्र समाधान मानू नये. चारशे नव्वद संगणक ताजे असून दहा संगणक महिनाभर जुने असले, तर सरासरी तीन दिवसांच्या आतच राहते, आणि विषाणू त्या दहांतूनच आत शिरतो. ते दहा संगणक कोणत्या उपजाळ्यात आहेत, ते कोणाला विचारीत आहेत आणि त्यांना काय उत्तर मिळते आहे, हे शोधून काढणे हेच ह्या क्षेत्रातील खरे काम होय.